चार बोटं वायर

मस्कत, ९ ऑक्टोबर २०२५

दादा,

मोठ्या भावाला लिहिताना सुरुवातीला पाया पडतो असं लिहितात. पडलो. लांबून पडलो, म्हणजे लाथ बसायचं टेन्शन नाही.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. आपल्या उन्नतीच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून टाकला तर तो ऐकून तू उठून ओट्यावर जाऊन बसतोस, हे तीच बोलली. आणि मोबाइलवर मराठी टाइप करायला गेलो की तो मेला स्वतःच्या मनाचे शब्द टाकतो. म्हणून कागद. याचा फोटो उन्नतीला जाईल, ती उरणच्या बाजारात छापून आणून तुझ्या बँजोच्या पेटीवर ठेवेल. वाचायचं नसेल तर नको वाचू. पण पेटी उघडायला कागद उचलावा तर लागेल.

मॅटर असा आहे. दसऱ्यानंतर तुम्ही बँजो पार्टी तालमीला बसवलीत, त्याचा व्हिडिओ बघितला. मितेश कीबोर्डवर बरा वाजवतो. ढोलकी कडक. आणि तू बँजोची बटणं दाबायला लागलास की मागे खरखर. पहिल्या गाण्याला मला वाटलं, आई मागे मांदेली तळतेय. दुसऱ्या गाण्यात पण मांदेली. तिसऱ्यात पण. एवढी मांदेली आपल्या घरात एका दिवशी कोणी आणली?

मग व्हिडिओ थांबवून तुझ्या पायाजवळ मोठं करून बघितलं. तिथे रंगपंचमी. लाल, पिवळी, हिरवी, निळी. पाकिटात भेटतात त्या वीतभर वायरी. बँजोचा आवाज बदलायचे, पायाने दाबायचे जे डबे आहेत त्यांतल्या एकातून दुसऱ्यात आवाज न्यायचं काम त्यांचं, आणि त्यांना बघून वाटतं बालवाडीतून आणल्या. मी लावलेल्या काळ्या वायरी कुठे गेल्या? उन्नतीला विचारलं तर बोलली, खाऱ्या वाऱ्याने पिना हिरव्या पडल्या म्हणून दादाने फेकल्या. अरे, पिना घासायच्या असतात. फेकायच्या काय? बोटीचा पंखा हिरवा झाला तर बाबा बोट फेकतात का?

तर आता ऐक. त्या रंगीत वायरी काढ. त्यांची पिन रबरात ओतलेली असते, उघडता येत नाही. आतली तार एकदा हलली की ती वायर कुठे तुटली हे ब्रह्मदेवाला पण कळत नाही. आणि सगळ्या एकाच लांबीच्या. जिथे दोन डबे चिकटून आहेत तिथे पण वीतभर, म्हणून मधे कमान होते, तुझा अंगठा त्यात अडकतो आणि खेचली जाते. फळीवर पाच डबे आहेत, म्हणजे मधल्या चार जागा. चारही जागा मोजून पाठव. मी इथून बनवून देतो. चपट्या पिनांच्या, मापाच्या, सोल्डर केलेल्या. इथला शिवराममामा सुट्टीवर आपल्या मोऱ्याला येतोय, त्याच्या बॅगेत देईन. इथे मी साउंडमध्येच काम करतो, सामान हाताशी आहे.

मला काय पडलीय, असं तू बोलशील. हे पडलंय: डिसेंबरात उन्नतीची हळद आहे. हौसेराव तिचे होणारे सासरे, माणूस चांगला, साताऱ्याचे, खारघरच्या सोसायटीत राहतात, हळद म्हणजे काय ते त्यांना आपल्यासारखं माहीत नाही. ते बोलले, "डीजे आमच्याकडनं." आणि तू काय बोललास? "बघू." तू बघू बोललास म्हणजे कार्यक्रम संपला. बाबांनी पार्टी काढली तेव्हापासून आपल्या आळीत एका पोरीची हळद बँजोशिवाय लागली नाही, आणि आपल्याच घरातल्या पोरीला तू डीजेवर नाचवणार, ते पण का, तर खरखर येते म्हणून.

माप पाठव.

केतन

मस्कत, २४ ऑक्टोबर

दादा,

दिवाळी झाली असेल. इथे झाली की नाही ते मला कळलं नाही.

तुझा निरोप उन्नतीने सांगितला. "त्याला बोल, तिकडनं हुकूम नको सोडू. फळी माज्या पायाखाली हाय, त्याच्या नाय." बरोबर. फळी तुझ्या पायाखाली आहे. पण ती मासळीच्या खोक्याची फळी घासून, पॉलिश मारून, भोकं पाडून त्यावर डबे कोणी बसवले ते फळीला विचार. गिटारवाल्यांचे डबे बँजोला लावायचे हे डोकं कोणाचं होतं? लावल्यावर पनवेलपासून रेवसपर्यंत लोक विचारायला लागले की हा आवाज कसा काढता, तेव्हा तू माईकवर काय बोललास? "आमची मेहनत." आमची म्हणजे किती जणांची ते नाही बोललास.

जाऊ दे. हे लिहायला नव्हतो बसलो.

मापं आली. उन्नतीचा मेसेज असा आहे, जसाच्या तसा: "लाल ते पिवळा चार बोटं. पिवळा ते काळा चार बोटं. काळा ते निळा सहा बोटं. निळा ते पांढरा आठ बोटं."

मी फोन हातात घेऊन बघत बसलो. बोटं. घरात टेप आहे. उन्नतीच्या शिवणकामाच्या डब्यात आहे, मला इथून दिसतो तो टेप. पण नाही. जाळ्याचा डोळा मोजतात तसं तुम्ही माझं इलेक्ट्रिकचं सामान मोजलं. जाळ्याला चालतं, तिथे एक बोट इकडे तिकडे झालं तर मासा लहान भेटेल. इथे एक बोट कमी झालं तर वायर पोचतच नाही.

उन्नतीला परत विचारलं, बोटं नक्की? तर बोलली, "हो रे, नक्की, परत परत मोजलंय." कोणाची ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही, कारण उघड आहे. तू तर वाकला नसशील. माझं नाव निघालं की तुझी कंबर ताठ होते. म्हणजे उन्नतीनेच गुडघ्यावर बसून मोजलं. तिची बोटं मला माहीत आहेत, माझ्या तीन बोटांत तिची चार बसतात. तेवढा अंदाज धरून कापतो.

आता मितेशला हे वाचून दाखव, कारण तो तुला बोललाय म्हणे की स्क्रूवाल्या पिना आण, सोल्डरची कटकट नको. स्क्रूवाल्या पिनेत वायर कापून खुपसायची आणि वरून स्क्रू पिळायचा. घरात बसून वाजवणाऱ्याला मस्त. पण आपण फळी टेम्पोत टाकून जासईच्या खड्ड्यातून नेतो. वर ढोल आदळतो, पोरं स्टेजवर चढून नाचतात. स्क्रू चार कार्यक्रमात ढिला होतो. ढिला झालेला कळत नाही, गाण्याच्या मधे कळतो. सोल्डर करायला वेळ जातो, पण केलं की केलं. आणि पिना चपट्याच हव्यात, उभ्या पिनांनी डबे लांब ठेवावे लागतात आणि तुझा पाय आहे बोटीच्या वल्ह्याएवढा, त्याला जागा पुरत नाही.

वायरपण मी निवडून घेतली. जाड घेतली असती तर वळत नाही, वळवली तर डब्याची भोकं खेचते. बारीक घेतली तर आतली जाळी विरळ असते आणि शेजारच्या ट्यूबलाइटचा गुणगुणाट आत येतो. मधली भेटली. कंपनीच्या बाकावर दुपारच्या सुट्टीत बसून करतोय. आमचा सुपरवायझर केरळचा, त्याने विचारलं काय करतोस. बोललो, बहिणीच्या लग्नाचा दागिना. तो बघून गेला.

केतन

मस्कत, ९ नोव्हेंबर

दादा,

शिवराममामा पोचला, वायरी पोचल्या, आणि सगळ्या आखूड निघाल्या.

उन्नतीचा फोन आला तेव्हा मी एक मोठं खोकं उचलून चाललो होतो, ते तसंच खाली ठेवून ऐकलं. "अरे, पोचतच नाहीत. एकेक बोट कमी पडतंय, शेवटची तर चांगली दोन बोटं." मी बोललो, तुझ्याच बोटांनी कापल्या.  ती बोलली, "माझी बोटं? मी कुठे मोजलं? दादाने मोजलं."

मी परत विचारलं. ती बोलली, "दादाच. जेवून झाल्यावर फळी ओट्यावर घेऊन बसला, बत्ती मलाच धरायला लावली. बोलला, लिही, आणि माझं नाव सांगू नको."

तर दादा, आता मी तुझ्यावर किती चिडू ते मला कळत नाहीये. तू मोजलंस तर मोजलंस, नाव सांगायला काय तुझी बोट बुडत होती? एका शब्दाने काम झालं असतं. तुझी बोटं पण मला पाठ आहेत, लहानपणी गालावर उठायची ना. तुझ्या बोटांनी कापलं असतं तर बरोबर बसलं असतं. आता त्या वायरी इथे परत येणार नाहीत आणि मामा इथे परत येईपर्यंत दुसरं कोणी तिकडे यायचं नाही.

मोजलंस हे ऐकून मी त्या खोक्यावरच बसलो. एवढंच.

उन्नती बोलली की तू डबे सरकवून चिकटवलेस, मग माझ्या तीन वायरी ताणून बसल्या. चौथ्या जागेला पोचलीच नाही, तिथे पाकिटातली हिरवी लावलीस. फेकली नव्हतीस तर. वायर ताणून लावायची नसते, सोल्डर उचकटतं. पण लावलीस, आणि तरी खरखर तीच.

आणि त्याच दिवशी हौसेराव घरी आले होते. मला उन्नतीने नक्कल करून दाखवली. ते चहा पीत बँजोकडे बघत होते. बोलले, "पावणं, हे टायपिंग कशाचं चाललंय?" तू बोललास बँजो. मग वाजवलंस. ऐकून बोलले, "वाजिवता झ्याक. पर मागं दळण टाकलंय का कुणी?" आणि हसले. माणूस वाईट नाही, पण माझे इथे बसून कान गरम झाले. मग बोलले, आमचे पाहुणे गावाहून येणार, त्यांना जरा दणका लागतो, तर डीजेचं नक्की करू का? आणि तू बोललास रविवारपर्यंत सांगतो.

आणि ते गेल्यावर तू उन्नतीला काय बोललास ते पण कळलं. "वायर बदलून पन खरखर तीच. सांग तुज्या वायरवाल्याला."

वायरवाला.

हा शब्द मी मस्कतला येऊन ऐकला नाही, इथे पण नाही, जिथे माझं कामच वायरी गुंडाळायचं आहे. हो, गुंडाळायचं. साउंडमध्ये काम करतो बोललो ते खोटं नाही. गोडाऊनमध्ये आहे. कार्यक्रमातून वायरी येतात, त्या पुसायच्या, गुंडाळायच्या, खुंटीला लावायच्या. मिक्सरला हात लावायचा नाही. तरी इथे मला नावाने हाक मारतात.

तुला आठवत असेल, नसेल तर नसेल. जसखारच्या हळदीला तू जेवायला उठलास, लोक थांबले होते, मी तुझा बँजो पुढे घेतला. एकच गाणं वाजवणार होतो. घरी वाजवतोच की, तू नसताना. तू ताट हातात घेऊन आलास आणि सगळ्यांसमोर बोललास, "ए, तू वायरवाला हायस, वाजवनारा नाय. ठेव खाली." लोक हसले. मितेश पण हसला. मी ठेवला. पुढच्या महिन्यात मामाने इथे कामाचं विचारलं तर हो बोललो. तू सगळ्यांना सांगतोस मी सीझनच्या मधे न सांगता पळालो. सांगायला आलो होतो. तू बँजो पुसत होतास, मान वर केली नाहीस.

असो. रविवार यायच्या आत मला डब्यांच्या भोकांचे फोटो पाठवा. जिथे पिन आत जाते ती भोकं. सगळ्या डब्यांची, दोन्ही बाजू. बत्ती मारून. वायरी नव्या आहेत, तरी खरखर असेल तर ती भोकात आहे.

केतन

मस्कत, १४ नोव्हेंबर

दादा,

फोटो आले.

मी ते आमच्या गोडाऊनमधल्या सगळ्यांना दाखवले. कारण मला वाटलं, मला एकट्याला दिसतंय. केरळचा सुपरवायझर चष्मा लावून बघून बोलला, "ये गंज है?" मी बोललो, नाही साहेब, ये कुंकू है.

दसऱ्याची पूजा. पाचही डबे, प्रत्येक भोक, आत पिवळं आणि वरून लाल. नीट, एकेक करून. लाल डब्याला तर अक्षता पण आहेत, तांदळाचा एक दाणा आत आडवा बसलाय. माझा आधी विश्वासच बसेना की माणूस एवढ्या छोट्या भोकात बोट कसं घालेल. मग आईची बारीक करंगळी आठवली.

मी आईला फोन केला. बोललो, आई, पूजा करायची तर डब्यावर वरून टिकली लावायची, आत कशाला? तर मला बोलली, "वरनं लावलं तर ह्याच्या पायाखाली येतंय. पायाखाली कुंकू येऊ द्यायचं का? म्हनून आत लावलं." बोललो, हळद ओली असते, ती सुकून आत चिकटते, पिन टेकत नाही, खरखर होते. तर बोलली, "बोटीच्या इंजिनाला दर वरसाला लावते. ते कदी खरखरलं नाय. तुमच्याच डब्यांना काय झालं?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर दे.

पण तुझ्यावर माझा राग वेगळाच आहे. तू तिथे होतास. आरती तूच फिरवलीस, उन्नतीने पाठवलेल्या पूजेच्या व्हिडिओत दिसतोस. आई भोकात बोट घालत होती तेव्हा तू बघत होतास, आणि तेव्हापासून खरखर सुरू झाली हे तुला माहीत होतं. उन्नतीला मी सरळ विचारलं. ती बोलली, "दादाला पहिल्या दिवसापासून डाऊट होता. पण आईला कोण बोलणार?" म्हणजे आईला बोलायला नको म्हणून सव्वा महिना तू वायरींना दोष देत राहिलास. मी इथे बाकावर बोटं भाजून घेतोय, आणि तिकडे हौसेराव डीजेवाल्याला हो सांगायच्या तयारीत. मोऱ्याच्या सगळ्या वाऱ्याशी भांडशील, पण आईला एक वाक्य बोलणार नाहीस.

आणि मी पण दीडशहाणा. एक खरखर ऐकली आणि वायरीच धरून बसलो. आधी भोकं बघायला पाहिजे होती.

आता हे कर. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आण, ते इंजेक्शनच्या आधी लावतात ते. कान साफ करायच्या काड्या आण. काडी स्पिरिटमध्ये बुडवून भोकात गोल फिरव, पिवळी निघाली की फेक, दुसरी घे. काडी पांढरी निघेपर्यंत. तांदूळ टाचणीने काढ, हळू, आतली पत्ती वाकवू नकोस. नंतर वायरीच्या पिना पण पूस, त्यांना पण लागलं असेल. खोबरेल तेल लावायचं नाही. मला माहीत आहे तू तेल लावशील, तुला कशालाही तेल लागतं. मग डबे रात्रभर उघडे ठेव, वर फडकं टाक.

हे आईसमोर करू नकोस. ती बाजारात गेली की कर.

मी येणार नाही. रजा मागितली होती. डिसेंबर इथला सीझन आहे, लग्नं आणि कार्यक्रम इथे पण तेव्हाच. सुपरवायझर बोलला, गेलास तर परत येऊ नकोस. उन्नतीला मी सांगितलंय, ती रडली नाही, शिव्या दिल्या. तर बँजो वाजला पाहिजे. मी तिथे नसेन ते नसेन, पण माझ्या बहिणीच्या हळदीला डीजेवाल्याचा पोरगा बटण दाबून निघून जाईल आणि आपली पार्टी कोपऱ्यात भजी खात बसेल, हे मला इथे झोपू देणार नाही.

केतन

मस्कत, २ डिसेंबर

दादा,

परवा हळद. म्हणून थोडंच.

खरखर गेली हे ऐकलं. उन्नतीने फोन बँजोसमोर धरला होता, तू नुसती बटणं तपासत होतास, गाणं पण नव्हतं. स्वच्छ होतं. चांगलं वाजवतोस हे तुला माहीत आहे, मी कशाला लिहू.

हौसेरावांचं पण कळलं. तुम्ही दोघांनी मिळून हा असा तोडगा काढलात की मला हसू पण येईना. आधी बँजो, आणि डीजेचा टेम्पो जेट्टीच्या रस्त्यावर उभा. बँजो बंद पडला की टेम्पो आत. हे असं कोणी ठरवतं का? हे म्हणजे नवरदेव मंडपात आणि दुसरा तयार करून गाडीत बसवलाय. पण हौसेराव बोलले असतील, "पावणं, रिस्क नको," आणि तू परत "बघू."

टेम्पोचा विचार करू नकोस. हे कर: वायरी ताणलेल्या आहेत, तर फळीवर कापडी टेप मारून बसव, हलू देऊ नकोस. लाल डब्यावर जोरात पाय मारायची तुझी सवय दोन दिवस विसर. हळद खेळताना बायका पार्टीवाल्यांना पण माखतात, तर फळीवर प्लास्टिक टाक. आणि ते रंगीत वायरींचं पाकीट खिशात ठेव. मी लिहिलं होतं काढ, ते माहीत आहे. ठेव.

ब्लॉक काढ असं मी बोलत नाहीये. काढलास तर काढलास.

केतन

मस्कत, ८ डिसेंबर

दादा,

तू फोनवर बोलतोस तेव्हा मला बोलू देत नाहीस, म्हणून परत कागद. चार दिवसांत तुझे एवढे फोन आले की इथली पोरं विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? काल तू विचारलंस वायर उन्हात ठेवली तर चालेल का. परवा विचारलंस पिवळ्या डब्याची लाइट मंद वाटते का. दादा, मला ती लाइट इथून कशी वाटणार? वर्षभर ब्लॉक केलंस ते बरं होतं असं वाटायला लागलंय.

त्या दिवशीचं तुला या बाजूने माहीत नाही. ते सांगतो.

मी गोडाऊनच्या दारात बसून वायरी पुसत होतो. फोन वाजला, तुझं नाव. मला वाटलं आईने तुझा फोन घेतला असेल. उचलला तर आधी नुसता कल्ला, बायकांचा, ढोलकीचा, आणि त्यात बँजो नाही. बँजो नाही हे मला आधी कळलं. मग तुझा आवाज. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. एकच: "केतन, आवाज गेला. कुठली?"

मी पण सरळ विचारलं, लाइटी? तू बोललास सगळ्या चालू. म्हणजे करंट आहे. बोललो, बँजोची वायर लालमधून काढ, सरळ पिवळ्यात घाल. मागे हौसेराव बोलताना ऐकू आले, "बोलवू का त्यास्नी आत? टेम्पो चालूच हाय." आणि उन्नती ओरडली, "नाही बोलवायचा." हळद लागलेली पोरगी पाटावरून ओरडली, तिच्या सासऱ्यावर. मग बँजो वाजला. पिवळ्यातून पुढे सगळं नीट होतं, आवाज फक्त लालमधून येताना मरत होता.

लाल डबा बाजूला ठेवून पण वाजलं असतं. पण त्याच्याशिवाय तुझा आवाज म्हणजे डास. मी बोललो, लाल आणि पिवळ्याच्या मधली वायर बदलून बघ. बोलताना मला कळलं कोणती वायर ती. मी पहिली बनवलेली, तीन वेळा सोल्डर करून, पिनेच्या आत सुद्धा चमकवलेली. ताणून बसवली होती, तुझा पाय पडला आणि उचकटली. एक सेकंद मनात आलं, बोलू का, पिन घट्ट दाबून धर, मितेशला अंगठा ठेवायला सांग. तशी वाजली असती एखादं गाणं. पण उन्नती पाटावर होती.

बोललो, माझी काढ. पाकिटातली लाव.

तू बोललास, "कुठल्या रंगाची?"

दादा, त्या वेळी तू मला रंग विचारलास. इकडे टेम्पोवाला गियर टाकून बसलाय आणि तुला रंग. बोललो, कुठलीपण लाव.

मग तू फोन कापला नाहीस, खाली फळीवर तसाच ठेवलास. मला पुढचं गाणं पूर्ण तिथून ऐकू आलं, डब्यांच्या शेजारून. तुझा पाय फळीवर पडतो तो धप्प आवाज पण येत होता. सुपरवायझर बाहेर आला, त्याला बोललो पाच मिनिटं. तो पण थांबला. त्याला काही कळत नव्हतं, पण मान हलवत होता.

वायरी परत बनवतोय. या वेळी टेपने मोजा, सेंटिमीटरमध्ये, आणि कोणी मोजलं ते खाली लिहा. शिवराममामा जानेवारीत इथे परत आला की गावी जाणारं कोणीतरी शोधून देईल. तोपर्यंत ती पाकिटातलीच राहू दे. ती चांगली चालते, हे मला लिहायला जड जातंय, पण चालते.

आता शेवटचं. उन्नतीने सकाळी पूर्ण व्हिडिओ पाठवला. शेवटच्या गाण्याआधी तू माईक घेऊन पार्टीची नावं घेतलीस. कीबोर्डवर मितेश, मग ढोलकीवाला, ऑक्टोपॅडवाला, गाणारी दोघं. मला वाटलं संपलं. मग तू थांबलास, कपाळाची हळद पुसलीस आणि बोललास, "आनी साउंडला आमचा केतन, मस्कतवाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पदराने तोंड पुसत होती. हौसेरावांनी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, त्या माणसाबद्दल मी जे काय लिहिलं ते मागे घेतो.

पण मस्कतवाला काय? मस्कतला मी वायरी पुसतो. इथे कोणी विचारलं कुठला, तर मोरा बोलतो. कोणाला कळत नाही, मग उरण बोलतो, ते पण कळत नाही, शेवटी मुंबई बोलून गप्प बसतो. रोज एकदा तरी हे होतं. आता तू पण तिकडे माझं गाव बदललंस तर मी सांगायचं काय?

पुढच्या महिन्यात बोकडविऱ्याला हळद घेतलीयस ना. तिथे नावं घेशील तेव्हा नुसतं "आमचा केतन" बोल आणि थांब. कुठला ते गावाला माहीत आहे.

केतन